बाटलीतली पूड, रस्त्यावरचा दगड

परसवाडा
२ डिसेंबर २०२४

आदरणीय सुखरामकाका,
सप्रेम जय भीम.

मी न केलेल्या चोरीची माफी माझ्या बाबांनी का मागितली? बारा वर्षं झाली, मला याचं उत्तर देता येत नाही. वर्गात मुलं दिवसभर प्रश्न विचारतात आणि येत नसेल तर मी सरळ सांगते की उद्या वाचून येते. हा प्रश्न वाचून सुटणारा नाही, आणि ज्यांना विचारायचा ते बाबा आता नाहीत.

मी खाणीतल्या महागूंची रचना. आपल्या शाळेच्या प्रयोगशाळेत तुम्ही परिचर होता आणि बाटल्यांवरच्या चिठ्ठ्या माझ्याकडून लिहून घ्यायचा. तुमच्या मुलीकडून, मंजुषाताईंकडून, कळलं की तुम्हाला फोनवर ऐकू येत नाही, पण पत्र वाचता. माझं शिक्षण सगळं हिंदीतून झालं, मराठी आली ती बाबांच्या पुस्तकांतून. पण आपण दोघं मराठीतच बोलायचो, म्हणून मराठीत लिहिते आहे.

मी आता परसवाड्याजवळच्या एका शाळेत विज्ञान शिकवते. आमच्या घरात पदवीपर्यंत पोचलेली मी पहिलीच. १८ आणि १९ जानेवारीला बालाघाटला विज्ञान शिक्षकांचं संभागीय संमेलन आहे. मंडला, सिवनी, जबलपूरकडचे शिक्षक येणार आहेत. मला तिथे एक प्रयोग दाखवायचा आहे. त्याच मंचावर आपल्या टिकाराम सरांचा सत्कार आहे, आयुष्यभर प्रयोगातून विज्ञान शिकवलं म्हणून. संयोजकांनी मला फोन करून सांगितलं, तुम्ही त्यांच्या विद्यार्थिनी, अक्षर चांगलं, मानपत्र तुम्हीच लिहा आणि तुम्हीच वाचा. मी लगेच हो म्हटलं. का म्हटलं ते तुम्हाला कळेलच.

तुम्हाला सगळं आठवत असेल, तरी माझ्या बाजूने एकदा कागदावर येऊ द्या. मी दहावीत होते. सरांनी ऑक्सिजन तयार करायची कृती फळ्यावर लिहिली आणि मँगनीज डायऑक्साइडची बाटली टेबलावर ठेवली. उघडली नाही. "भोपाल से आता है, हाथ मत लगाना." आमच्या गावात घरांच्या पायऱ्यासुद्धा मँगनीजच्या दगडाच्या, आणि आम्ही पस्तीस मुलं त्या बाटलीकडे बघत बसलो. मी रेल्वेच्या सायडिंगजवळून सहा काळे दगड आणले, आईच्या पाट्यावर वाटले आणि कंपाउंडरकडून जखम धुवायचं औषध, म्हणजे हायड्रोजन पेरॉक्साइड, आणून त्यात टाकले. चार दगडांनी काही झालं नाही. उरलेल्या दोन दगडांनी असा फेस काढला की वाटी उतू गेली. विझत आलेली अगरबत्ती वर धरली तर ती पेटली.

त्या दोन दगडांची पूड पुडीत बांधून मी सरांना दाखवायला नेली. नेमकी त्याच दिवशी कपाटातली बाटली रिकामी सापडली. सरांनी एकदा पुडीकडे पाहिलं, एकदा बाटलीकडे. म्हणाले, "खदान वालों के हाथ काले ही रहते हैं." वर्ग हसला. स्टॉक रजिस्टरमध्ये त्यांनी माझ्या नावापुढे चोरी लिहिली. दुसऱ्या दिवशी प्रार्थनेच्या वेळी बाबांना बोलावलं, आणि बाबांनी सगळ्या शाळेसमोर हात जोडले. "गलती हो गई, सर."

मी तेव्हा असं धरून चालले की दगड खाणीच्या मालगाडीच्या वाघिणीतून पडलेले होते, ते उचलल्याचं बाहेर आलं तर काम जाईल म्हणून बाबा घाबरले. ते घाबरले याबद्दल मी त्यांना शेवटपर्यंत माफ केलं नाही. दवाखान्यातसुद्धा त्यांच्याशी मोजकंच बोलले.

कपाटाची किल्ली तुमच्याकडे असायची. ती मला कधीच दिली नव्हती, एवढं दोन ओळींत लिहून पाठवा. मला सरांचा सूड घ्यायचा आहे. दुसरा गोड शब्द मी शोधला, सापडला नाही.

तुमची,
रचना


हट्टा
११ डिसेंबर २०२४

रचना बेटी,
राम राम, अन् जय भीम बी.

तुहं पत्र भेटलं. अक्षर पाहूनच समजलं का महागूची पोरगी हाय. मंजुषाले दाखवलं, म्हटलं पाय, हे पोरगी माह्या बाटल्याईच्या चिठ्ठ्या लिवत होती, आता मास्तरीन झाली. मंजुषा म्हणते, बाबाले आता पोस्टमनच दिसते, घरचे मानसं दिसतच नाई.

माहं बरं चालू हाय. गुडघे दुखते, कान गेले. जावई राकेश आपल्याच शाळेत बाबू हाय. सोमवारी जाते, शनिवारी घरी येते. लय चांगला मानूस. मले बाबूजी म्हणते, माह्या आधी ताटाले हात नाई लावत. गावात कोनाचं भांडन झालं तं म्हणते, बाबूजीले इचारा, ते खोटं बोलत नाई.

किल्लीचं म्हणशीन तं मले आता आठवत नाई. लय वर्सं झाले. कधी किल्ली माह्याजवळ राहे, कधी सराईच्या टेबलावर. सर बी आता थकले, बीपी हाय म्हणते. शाल घ्याच्या दिवशी मानसाले कशाले रडवतं? तू प्रयोग दाखव, टाळ्या घे, घरी जाय. महागू असता तं त्यानंबी हेच सांगतलं असतं.

तब्येतीले जप. शाळेत मुलाईले मारू नको.

तुहा,
सुखरामकाका


परसवाडा
१८ डिसेंबर २०२४

आदरणीय काका,

बाबांनी काय सांगितलं असतं ते तुम्ही सांगू नका. ते मलाच माहीत नाही.

रविवारी संमेलनाच्या तयारीच्या बैठकीसाठी बालाघाटला गेले होते. तिथे टिकाराम सर भेटले. केस सगळे पांढरे झालेत, स्वेटरवर आधीपासूनच बिल्ला लावून बसले होते. मी नमस्ते केलं. त्यांनी विचारलं, "कौन-सा बैच, बेटा?" मी साल सांगितलं. "अच्छा, अच्छा. खदान साइड की हो?" मी म्हटलं, हो सर. त्यांना वाटलं मी लाजते आहे. मग मला बाजूला घेऊन म्हणाले, "अभिनंदन-पत्र में एक लाइन डाल देना, कि बच्चों की जिज्ञासा को मैंने कभी दबाया नहीं. लोग पढ़ते हैं, फ्रेम होकर घर में लगता है." मी वही काढून ती ओळ त्यांच्यासमोर उतरवून घेतली.

आता माझं ठरलं आहे. पहिल्या दिवशी दुपारी माझा प्रयोग, तो झाला की लगेच सत्कार. आधी सगळे शिक्षक डोळ्यांनी दगडातून फेस निघालेला पाहतील. मग मी मानपत्र वाचीन. त्यात सरांची ती ओळ असेल आणि तिच्या खाली २०१२ सालची गोष्ट असेल. मग ते फ्रेम करून खुशाल घरात लावू देत.

राकेशभाऊंना मी फोन केला होता. त्यांनी जुनं स्टॉक रजिस्टर शोधून पानाचा फोटो पाठवला, पान एक्केचाळीस. "मैंगनीज डाइऑक्साइड, एक बोतल, छात्रा रचना द्वारा चोरी," आणि खाली सरांची सही. दरवर्षी तपासणीला ते रजिस्टर उघडतं, काका. दरवर्षी कुणीतरी ते वाचतं. मी दुसरीकडे कुठेही कितीही शिकवलं तरी त्या पानावर मी चोरच आहे. मला ते नाव तिथून काढायचं आहे. सरांना खाली बघायला लावायचं आहे, हेही खरं.

राकेशभाऊ म्हणाले, "ताई, बाबूजी से लिखवा लो, उनकी बात कोई नहीं काटेगा."

तुम्हाला सरांची अजून भीती वाटते, ते तुमच्या पत्रातून कळलं. ते आता निवृत्त आहेत, तुम्हीही आहात. मला दोनच ओळी हव्यात.

रचना


हट्टा
२७ डिसेंबर २०२४

रचना,

राकेशले काहून इचारलं? त्याले यात नको आणू. रविवारी जेवताना तो मले म्हणे, बाबूजी, ते रजिस्टरचं काय परकरन हाय, सांगा ना. मी म्हटलं, कान दुखून राह्यला.

रजिस्टर बंद राहू दे. मले बुखार हाय, लिवनं होत नाई.

सुखराम


परसवाडा
३ जानेवारी २०२५

काका,

ताप आलेल्या माणसाचं अक्षर वाकडं येतं. तुमचं अक्षर सरळ आहे.

तुमच्यावर माझा जीव होता, म्हणून हे लिहिताना जड जातं. शाळेत मला बाटलीला हात लावू देणारे तुम्ही एकटे होता. चिठ्ठी चिकटवताना म्हणायचा, "रचनासाहेब, पाहून घ्या, औषध तयार हाय." मी कधीतरी साहेब होईन असं गावात तुम्हालाच वाटत होतं.

पण आता ऐका. तुमच्या ओळी आल्या नाहीत तर मी मानपत्रात एवढंच लिहीन की कपाटाची किल्ली परिचर सुखराम यांच्याकडे असे आणि विचारूनही त्यांनी काही सांगितलं नाही. दोनशे शिक्षक त्याचा जो अर्थ काढायचा तो काढतील. यात खोटं काहीच नाही.

पंधरा तारखेपर्यंत वाट पाहते.

रचना


हट्टा
१० जानेवारी २०२५

रचना बेटी,

हे पत्र वाचून फाडून टाकजो. चुलीत टाक. राकेशले अन् मंजुषाले समजू देऊ नको, हात जोडतो.

किल्ली माह्याजवळ होती. तुले कधीच नाई देल्ली. ते बाटली मीच फोडली.

कपाट पुसत होतो. वरच्या खनातून पडली, काच अन् काळी पूड सारी फरशीवर. मी झाडूनं गोळा करून मागच्या नालीत टाकली. पुराना एक रिकामा शिसा होता, त्याले चिठ्ठी लावून कपाटात ठेवला. तुह्याच हातची चिठ्ठी होती. म्हटलं, कोन उघडते, सर तं बाटली नुसती दाखवतेत. तवा मी रोजीवर होतो. माहा नियमित व्हायचा कागद भोपालले गेलता. नुकसानीची एक नोंद झाली असती तं कागद वापस आला असता.

चार दिवसाईनं सराईनं कपाट उघडलं, अन् त्याच दिवशी तू पुडी घेऊन आली. मी दारातच उभा होतो. सर तुले बोलले, पोरं हासले. माह्या तोंडात शब्द आलता. बाहेर नाई आला.

सायंकाळी मी खानीच्या गेटवर गेलो, पाळी सुटाच्या टायमाले. तुह्या बापाले बाजूले घेतलं अन् सारं सांगतलं. मले वाटलं हा मले मारते. त्यानं काईच नाई केलं. बिडी पेटवली. मंग म्हणे, "तुमचा कागद कवा येते?" मी म्हटलं, दोन मयन्यात. तो म्हणे, "येऊ द्या. पोरगी लहान हाय, इसरून जाईन. माफी मांगाले मले काय लागते, हातच तं जोडाचे हायत."

तुहा बाप भेला नाई, बेटी. तुले वाटते तसा भेला नाई. त्यानं माह्यासाठी हात जोडले. मी मांगं उभा राहून पाहून राह्यलो होतो.

कागद मार्चमंधी आला. मी पेढे घेऊन तुह्या घरी गेलतो. तू घरी होती. पेढा नाई घेतला.

बारा वर्सं झाले. शाळेत होतो तोपर्यंत रोज त्या कपाटाची धूळ पुसत होतो. तू आता सराईले जे बोलाचं ते बोल. माहं नाव घेऊ नको. मी म्हातारा झालो. घरात माही जे काई इज्जत हाय ते एवढीच हाय का सुखराम खोटं बोलत नाई.

सुखराम


परसवाडा
२१ जानेवारी २०२५

सुखरामकाका,

तुमचं पत्र १४ तारखेला मिळालं. त्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी मी वर्गात फळ्याला हात लावला नाही. मुलांना धडा वाचायला सांगितला आणि खिडकीत उभी राहिले. बाबा घाबरले नव्हते, हे मला कळलं. कळून आनंद व्हायला हवा होता. आठवलं ते एवढंच की दवाखान्यात त्यांनी पाणी मागितलं आणि मी पेला टेबलावर ठेवून निघून आले.

तरी मानपत्रात तुमचं नाव मी घातलं नाही. शनिवार सरांचा होता.

हॉल भरलेला होता. सगळ्यांच्या गळ्यात बिल्ले, मांडीवर प्लास्टिकचे फोल्डर. माझा प्रयोग जेवणानंतर, म्हणजे अर्धे लोक डुलक्या घेत होते. मी खाणीजवळचे दगड ताटात ठेवले आणि तीन शिक्षकांना बोलावून म्हटलं, तुम्हीच निवडा. पहिल्या दगडाची पूड टाकली, काही झालं नाही. मागून कुणीतरी म्हणालं, "मैडम, पत्थर से क्या होगा." दुसऱ्यानेही काही नाही. लोक हसायला लागले, आणि ते हसू मला ओळखीचं होतं. तिसऱ्याने फेस आला. परीक्षानळी उतू जाऊन टेबलक्लॉथ भिजला, अगरबत्ती भपकन पेटली, आणि डुलक्या घेणारे उठून उभे राहिले. टिकाराम सर पहिल्या रांगेतून मोठ्याने म्हणाले, "मेरी छात्रा है."

मग त्यांना शाल दिली, श्रीफळ दिलं, आणि मी मानपत्र वाचायला घेतलं. त्यांची जिज्ञासेची ओळ वाचली, त्यावर टाळ्या झाल्या. पुढची ओळ वाचली. २०१२ साली दहावीतल्या एका मुलीने खाणीतल्या दगडापासून हाच प्रयोग केला होता. आदरणीय सरांनी तिची पुडी तपासली नाही, तिला चोर ठरवलं, आणि तिच्या वडिलांना प्रार्थनेत हात जोडायला लावले. ती नोंद त्यांच्या सहीने आजही आहे. ती मुलगी मी. हे सगळं हिंदीत, सुंदर अक्षरात, सोनेरी चौकटीच्या कागदावर होतं. वाचून झाल्यावर मी ते फ्रेमसकट त्यांच्या हातात दिलं. कुणी टाळी वाजवली नाही.

मला वाटलं होतं ते चिडतील, खोटं म्हणतील. मी उत्तरं पाठ करून ठेवली होती. त्यांनी चष्मा काढला, माझ्याकडे पाहिलं आणि माइकवरच म्हणाले, "बेटा, मुझे याद नहीं है."

नाटक नव्हतं, काका. त्यांना खरंच आठवत नव्हतं. मी बारा वर्षं ज्या माणसाशी मनात भांडत होते, त्याच्या डोक्यात मी कधी नव्हतेच. त्यांनी फ्रेम पुन्हा वाचली आणि म्हणाले, "साइन मेरी है तो काटूँगा भी मैं. सोमवार को चलो."

आणि काल ते खरंच आले. बसने, स्वेटर घालून, एकटे. ऑफिसात राकेशभाऊंनी रजिस्टर काढून ठेवलं होतं. सरांनी पान एक्केचाळीस उघडलं, "मैंने बिना जाँचे लिखा था" असं समासात लिहिलं आणि पेन नोंदीवर नेलं. तेवढ्यात प्राचार्या पुष्पलता मॅडमनी हात धरला. म्हणाल्या, "सर, स्टॉक रजिस्टर है. ऐसे नहीं कटता. काटने का आधार लगेगा. चोरी नहीं हुई तो बोतल गई कहाँ? किसी को याद नहीं, ये कोई आधार नहीं है." त्या बरोबर बोलत होत्या. मीही माझ्या शाळेचं रजिस्टर सांभाळते. कागद जोडल्याशिवाय ओळ कापता येत नाही.

तुमचं पत्र माझ्या पिशवीत होतं. फाडलं नव्हतं. का फाडलं नव्हतं याचं काहीतरी चांगलं कारण मी तुम्हाला सांगू शकले असते, पण ते खोटं ठरेल. तुम्ही फाडायला सांगितलं, म्हणूनच मी ते जपून ठेवलं.

ज्यांना आठवत नव्हतं ते दीड दिवसात बसने आले आणि आपली चूक आपल्या हाताने लिहून गेले. तुम्हाला रोज आठवत होतं. रोज कपाट पुसत होता. माझा नंबर मंजुषाताईंकडे होता, मी कुठे शिकवते ते तुमच्या जावयाला माहीत होतं, आणि बाबांना आणलं तेव्हा तुम्ही स्मशानातही आला होतात. तिथे माझ्या डोक्यावर हात ठेवला होता तुम्ही. तेव्हा एक वाक्य बोलला असता तर निदान त्या दिवशी तरी मी बाबांसाठी रडले असते.

बाबांनी तुम्हाला वाचवलं. वाचवायला त्यांनी जे दिलं ते माझं नाव होतं, आणि मला न विचारता दिलं. त्यांच्या जागी ते मोठे असतील. मी तेवढी मोठी नाही.

मी पत्र मॅडमना दिलं. त्यांना मराठी वाचता येत नाही, म्हणून त्या म्हणाल्या, "राकेशजी, पढ़कर बताइए." मला थांबवता आलं असतं. मी थांबवलं नाही. राकेशभाऊ उभ्यानेच वाचायला लागले. तिसऱ्या ओळीनंतर मोठ्याने वाचायचे थांबले आणि बाकीचं मनात वाचलं. मग मला विचारलं, "ताई, ये बाबूजी ने ही लिखा है?" मी म्हटलं, अक्षर तुम्ही ओळखता. ते खुर्चीत बसले. सर खिडकीबाहेर बघत होते. मॅडमनी विचारलं, "इसमें बोतल का लिखा है?" भाऊ म्हणाले, "जी. लिखा है." नोंदीला जोडायला मी पिशवीतून झेरॉक्स काढली, तर मॅडम म्हणाल्या मूळ कागदच लागेल.

मला बरं वाटलं का, असं तुम्ही विचाराल. वाटलं. सरांनी माझं नाव कापलं तेव्हा वाटलं, आणि भाऊ तुमचं पत्र वाचत होते तेव्हाही वाटलं. दुसऱ्याची मला थोडी लाज वाटते. पण ती मी तुमच्याकडे पाठवत नाही, माझ्याकडेच ठेवते.

राकेशभाऊ शनिवारी घरी येतील. ते काय बोलतील मला माहीत नाही. कदाचित काहीच बोलणार नाहीत आणि नेहमीसारखेच तुमच्या आधी ताटाला हातही लावणार नाहीत. ते तुम्हाला जास्त जड जाईल, असं मला वाटतं. पत्र परत मागू नका, ते आता माझ्याकडे नाही. त्या पानाच्या मागे मी स्वतः डिंक लावून चिकटवलं, आणि वर शाळेचा शिक्का तुमच्या जावयाने मारला.

रचना